आगपट्टीचा लाल बिल्ला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मन या गोष्टीपाशी आलं की मी पटकन पुढच्या देवाकडे सरकते. मग तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. बसा जरा — मला बसवत नाहीये, पण तुम्ही बसा.

मी विम्याची एजंट. शहरात, औरंगपुऱ्यात, एका दुकानाच्या माडीवर माझं टेबल आहे. माहेर वैजापूरकडचं, कांद्या-कापसाचं गाव, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच. जीभ चालते माझी. गावात म्हणतात, शोभा मेलेल्यालासुद्धा पॉलिसी विकेल. लोक हसतात, मीही हसते.

आमच्याकडे आग काही नवी नाही. उन्हाळ्यात वारा सुटला, विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, की पाचट, कडबा, गोठे धडाधड पेटतात. बंब यायचा तालुक्याहून. तो पोचेपर्यंत राख निवलेली असते. म्हणून गावातल्या पोरांनी स्वतःचं दल उभं केलं. ट्रॅक्टरला जोडलेला पाण्याचा टँकर, डाळिंबावर फवारणी करायचा जुना पंप आणि देवळावरचा भोंगा. भोंग्यावर हाक आली की हातातलं काम टाकून सगळे पळत सुटायचे. पगार नाही, भत्ता नाही. पण डिझेल कोण भरणार? पाइप फाटला तर?

तिथं माझं डोकं चाललं. खरं सांगते, त्या कल्पनेचा मला आजही अभिमान वाटतो — हेच तर वाईट आहे. मी ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हणाले, घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी आपण आगपट्टी सुरू करू. जो दुकानाचा, कांदा साठवायच्या चाळीचा, जनावरांचा विमा काढतो, त्याने हप्त्याबरोबर थोडे पैसे दलासाठी वेगळे द्यायचे. विमा कंपनीचा याच्याशी संबंध नाही, गावाचा आपला कारभार. ज्याचा विमा नाही त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, पण टँकर मात्र सगळ्यांकडे जाईल. 'आग कुणाची, हे विचारायचं नाही' — हे वाक्य माझं. टाळ्या पडल्या होत्या त्याला.

मग मी बिल्ले काढले. लाल पत्र्याचे, त्यावर पांढरी बादली. आगपट्टी भरणाऱ्याच्या दारावर ठोकायचे. नुसता मान म्हणून हो! माणसाला मान दिला की खिसा सैल होतो, हे आमच्या धंद्यात लवकर कळतं. एकाच्या दारावर बिल्ला लागला की शेजारी विचारत यायचा.

कौसामावशी मात्र आली नाही. रस्त्याला लागून तिचा गोठा, त्यात एक म्हैस, आणि त्या दुधावर तिचं घर. म्हशीचा विमा काढ म्हणून मी तिच्याकडे गेले, तर ओसरीवर जमलेल्या बायकांसमोर म्हणाली, "शोभे, लोकांचं मरण इकून खाती तू. माझ्या दारात नको येत जाऊ." बायका खो खो हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीसारखं राहून गेलं. जीभ सारखी तिथंच जायची.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणजे — थांबा, आधी नवनाथबद्दल सांगू द्या.

नवनाथ दलाचा म्होरक्या. टँकर तोच चालवायचा. अंगाने दांडगा, बोलायला मवाळ, आणि माझा शब्द त्याला प्रमाण. दल शोभाताईमुळं उभं आहे, असं तो गावभर सांगत फिरायचा. कुठलीही अडचण आली की आधी फोन मला. ही सवय मीच त्याला लावली होती. मला ते आवडायचं, दुसरं काय?

त्या दुपारी मी औरंगपुऱ्यातच होते. नवनाथचा फोन आला. ओढ्याकाठचं पाचट पेटलं होतं, वारा फिरला होता, आणि आग दोन्हीकडे धावत होती. अलीकडे कौसामावशीचा गोठा, पुढे आप्पासाहेबांची कांदाचाळ. आप्पासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे व्यापारी, आगपट्टीही सगळ्यात जास्त तेच भरायचे. टँकर एकच.

"ताई, आधी कुठं जाऊ?"

मी विचारलं, "बिल्ला कुठं आहे?"

"चाळीला."

"मग मला विचारतोस कशाला?"

पाहिलंत? 'चाळीकडे जा' असं मी म्हणालेच नाही. कितीतरी काळ मी याच गोष्टीला धरून बसले होते.

टँकर गोठ्यावरून पुढे गेला. कौसामावशी रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. नवनाथने गाडी बाजूने काढली. चाळीचं एक टोक तेवढं जळलं, थोडा कांदा गेला. गोठा मात्र जळून खाली बसला. दावं सोडायला मावशी आत घुसली, तिचे दोन्ही तळहात भाजले. म्हैस निघाली नाही.

ग्रामसभा भरली. सरपंचांनी नवनाथला विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून गेलास? तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मी काय केलं? मान खाली घालून मोबाइलमध्ये बोट फिरवत बसले. स्क्रीन बंद होती. "माझंच चुकलं," तो म्हणाला. मग लोकांनी त्याला काय काय नाही म्हटलं! शेठचा चाकर, विकला गेलेला. त्याच्या आईला पाणवठ्यावर टोमणे बसायला लागले. शेवटी ट्रॅक्टरची किल्ली सरपंचांच्या हातात देऊन तो वाळूजला कंपनीत कामाला निघून गेला. जाताना स्टँडवर मला भेटला. म्हणाला, "तुमचं नाव निघालं असतं तर आगपट्टी बंद पडली असती, ताई. टँकर चालू ऱ्हायला पायजे." मी मान डोलावली. म्हणजे त्याचा त्यागसुद्धा मी पावती न देता खिशात घातला.

आणि अजून एक राहिलंय. मघाशी फोनवरचं बोलणं सांगितलं ना, ते मी पूर्ण सांगितलं नाही. मी 'विचारतोस कशाला' म्हटल्यावर नवनाथ म्हणाला होता, "पर ताई, मावशीची म्हैस आत हाय." मला ते स्वच्छ ऐकू आलं. रेंज गेली नव्हती, गोंगाट नव्हता. आप्पासाहेब रुसतील, त्यांच्यामागे बाकीचे रुसतील, दल बुडेल — हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्या ओसरीवर हसणाऱ्या बायका होत्या. मी फोन ठेवला.

दल आज जोरात चालतं. कन्नड तालुक्यातल्या गावांतून लोक बघायला येतात. मी त्यांना आगपट्टी समजावून सांगते, आणि शेवटी तेच वाक्य — आग कुणाची, हे विचारायचं नाही. ते वहीत लिहून घेतात.

कौसामावशीने नवी म्हैस घेतली. विमा काढायला स्वतःहून माझ्याकडे आली. म्हणाली, तवा तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मी तिचा फॉर्म भरला. कमिशनही घेतलं. मग बिल्ला घेऊन तिच्या नव्या गोठ्यावर गेले. तिच्या मुठी आता नीट मिटत नाहीत, म्हणून ठोकायचं काम मी घेतलं आणि तिने तळहातांनी बिल्ला दाबून धरला.

"त्या नवनाथचं तोंड बगणार नाय मी," ती म्हणाली. "मुकं जनावर आगीत टाकून गेला. तसला माणूस गावात नाय तेच बरं. व्हय ना, शोभे?"

खिळा अर्धाच आत गेला होता.

"व्हय, मावशी," मी म्हणाले, आणि उरलेला ठोकला.