साडूंनी बसवलेला कॉम्प्युटर

या जगात जे जे म्हणून बिघडतं, ते कुठला तरी नट ढिला राहिल्यामुळेच बिघडतं, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हा माझ्या नशिबाचा भाग आहे. मुरबाडला त्यांची भाताची गिरणी होती. गिरणी म्हणजे काय, तर पत्र्याच्या शेडमध्ये एक डिझेल इंजिन, एक लांबलचक पट्टा, भात भरडायचं मशीन आणि सगळीकडे उडणारा कोंडा. पण साडू तिच्याविषयी अशा थाटात बोलत, की नवख्या माणसाला वाटावं, हे आगगाडीचा कारखाना चालवतात. त्यांच्या खाकी अर्ध्या चड्डीच्या एका खिशात बारा-तेराचा पाना आणि दुसऱ्यात पेचकस कायम असे. लग्नकार्याला जाताना चड्डीच्या जागी पँट येई, खिशातला ऐवज तोच राही. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी साडू दिसेनात, म्हणून शोधाशोध झाली, तर ते आमच्या दोघांसाठी मांडलेल्या लोखंडी सिंहासनाखाली उताणे पडून बोल्ट आवळत होते. आमचा संसार टिकला, याचं श्रेय ते आजही त्या आवळण्याला देतात. माझी बायकोही त्यांनाच देते.

मशीन आजारी आहे की नाही हे ते कानाने ओळखत. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि वैद्यासारखी मान हलवायची. एकदा सरळगावकडे निघालेल्या वऱ्हाडाच्या टेम्पोत आम्ही बसलो होतो. साडू मागून ओरडले, "डायवर, डाव्या चाकाकडं कायतरी बोलतंय रे!" तो म्हणाला, "बोलू द्या दादा, मागं तुमी पण बोलताव ना, मी काय गाडी थांबवली?" पण साडूंनी गाडी थांबवायला लावलीच, आणि भर उन्हात सगळं वऱ्हाड खाली उतरवून चाकाचे नट आवळले. दोन खरोखरच ढिले निघाले, हे आम्हा सगळ्यांचं दुर्दैव, कारण त्यानंतर त्यांना आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी पंखा, मग खाट, मग दाराची कडी. चहा त्यानंतर. माझ्या धाकट्याला खोकला झाला असताना त्याला जवळ घेऊन त्यांनी पेचकसाकडे हात नेला होता, तो माझ्या बायकोने वरच्या वर धरला.

छापील कागदावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुठल्याही यंत्राबरोबर माहितीपुस्तिका आली, की ती ते न उघडता एखाद्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारत. "मास्तर," ते मला म्हणत, कारण मी शहापूरला हायस्कुलात विज्ञान शिकवतो, "मशीन बनवणारा कधी लिवीत बसत नाय. त्याचे हात काळे असतात. हे कागद विकणारा लिवतो." विज्ञानाचा मास्तर असून मी यावर मान डोलवत असे, ही माझीही कमालच म्हणायची.

तर अशा या माणसाला एकुलती एक मुलगी होती, कविता. बारावीनंतर ती कल्याणच्या एका संस्थेत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. नवं शतक नुकतंच लागलं होतं. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे पोरगी रोज सकाळी जीपमध्ये चेंगरून कल्याणला जाई आणि संध्याकाळी तशीच परत येई. शेवटचे तीन महिने उरले असताना, एका संध्याकाळी ती नाक्यावर मागच्या फळीवरून उतरत होती आणि तिचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत जीप हलली. नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर, दोन महिने घराबाहेर पाऊल नाही. आणि डिप्लोमा मिळायचा तर महिनाअखेर एक प्रोजेक्ट करून द्यायचं होतं. तिने गावातल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी ठेवणारा प्रोग्राम करायला घेतला होता. संस्थेने सांगितलं, फ्लॉपीत भरून कोणाबरोबर पाठवलंस तरी चालेल. पण ते करायला कॉम्प्युटर हवा, आणि मुरबाडात तेव्हा तो फक्त बँकेत, काचेच्या पलीकडे, टेबलक्लॉथने झाकलेला दिसे, त्याला हात लावायची सोय नव्हती.

माझी मेहुणी, म्हणजे कविताची आई, हिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईंनी त्या संध्याकाळी पोरीला चार माणसांनी उचलून घरात आणताना पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवूनच टाकलं. "पाय मोडला, जीव वाचला. आता पुरं झाली ती जीप." भिवंडीकडचं एक स्थळ बरेच दिवस विचारत होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि घरचं नटबोल्टचं दुकान. हे शेवटचं कळल्यावर साडू क्षणभर डळमळले होते, पण ते ही गोष्ट आजही कबूल करत नाहीत. कविता मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, एवढं पुरं करू द्या मला. मग काय ते बोला." साडूंनी पाना काढला, तिच्या खाटेचा एक बोल्ट उगीचच आवळला आणि म्हणाले, "घरी करशील तू. मी बसवतंय तुला कॉम्पूटर."

तयार कॉम्प्युटर आणणं त्यांना मान्यच नव्हतं. "दुसऱ्यानं आवळलेलं मशीन मी माझ्या घरात नाय घेणार." कविताने पडल्या पडल्या सुट्या भागांची यादी लिहून दिली. ती घेऊन ते मुंबईला गेले आणि संध्याकाळी खोक्यांच्या चळतीसह कल्याणला जीपस्टँडवर उभे राहिले. मॉनिटर तेव्हा भल्याथोरल्या हंड्याएवढा असायचा. साडूंनी त्याच्यासाठी आख्खी एक सीट घेतली, त्याला खिडकीशी बसवलं, वर टॉवेल बांधला आणि स्वतः मागच्या फळीवर लोंबकळत आले. ज्या फळीवरून पोरगी पडली होती, त्याच फळीवर. हे ताईंना कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला, आणि अबोला संपताना अट घातली, "रविवारच्या दिवाबत्तीपर्यंत ते खोकं चालू झालं तर मी ब्र काढायची नाय. नाय झालं, तर सोमवारी भिवंडीवाल्यांना या म्हणून कळवते." साडू हो म्हणाले. कविताला कोणी विचारलं नाही, पण तिनेही मान हलवली.

रविवारी सकाळीच मला बोलावणं आलं. "विज्ञानवाला मानूस हाताशी असू दे." मी किन्हवलीमार्गे मुरबाडला पोचलो तेव्हा साडूंनी मधल्या घरात चादर अंथरून सगळे भाग ओळीने मांडले होते आणि त्यांना हळदकुंकू वाहायची तयारी चालली होती. गिरणीचं इंजिन बसवलं तेव्हा त्यावर नारळ फोडला होता, तेव्हा इथेही फोडायचाच. कविताने खाटेवरून हात जोडले, "बाबा, नारळ उंबऱ्यावर फोडा. पाणी उडालं तर सगळं जाईल." बऱ्याच घासाघिशीनंतर नारळ उंबऱ्यावर गेला. मग लाईट गेली. आमच्याकडे ती ठरल्या वेळी जायची, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. दुपारपर्यंत परत यायची होती, तेवढ्यात जोडणी उरकायची असं ठरलं.

त्या दिवशी मी साडूंना काम करताना पाहिलं आणि त्यांच्याविषयी मला पहिल्यांदाच आदर वाटला. कोंड्यात आयुष्य काढलेली ती जाडजूड बोटं लहान बाळाला न्हाऊ घालावं तशा हलक्या हाताने ते हिरवं पान उचलत होती. त्या हिरव्या पानाला मदरबोर्ड म्हणतात, सगळं यंत्र त्याच्यावर उभं असतं. पण ते पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातला गिरणीवाला जागा झाला. मशीन पायाला घट्ट चिकटून बसलं पाहिजे. खाली बोटभर पोकळी राहिली की ते थरथरणार, थरथरलं की खिळखिळं होणार. ही त्यांची तीस वर्षांची शिकवण. त्यांनी पान पत्र्यावर सपाट टेकवलं आणि स्क्रू आवळले. मागच्या पत्र्यात वायरी खोचायला जी भोकं असतात ती आता जुळेनात, सगळी जराजराशी वर राहिली. "कारखान्यानं भोकं चुकवली," साडू म्हणाले आणि कानस घेऊन त्यांनी पत्रा घासून भोकं खाली वाढवली. मी विज्ञानाचा मास्तर शेजारी बसून बॅटरी धरत होतो आणि "वा" म्हणत होतो. त्यांनी दर वेळी माझ्याकडे पाहिलं आणि दर वेळी मी मान डोलावली. पुढे जे झालं त्यात माझाही निम्मा वाटा आहे.

दोनच्या सुमाराला लाईट आली. साडूंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा शांत. साडूंनी पेचकस कॅबिनेटवर टेकवून मूठ कानाला लावली. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. "श्वास घेतंय आनि सोडतंय," ते म्हणाले. मग त्यांनी जे जे आवळता येईल ते पुन्हा आवळलं. तीन वाजले, चार वाजले. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत आणि घड्याळ बघून आत जात. कविता आधी उशीला टेकून बघत होती, मग तिने डोळ्यांवर हात घेतला. साडूंच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना एवढी वर्षं ओळखतो, पण त्यांच्या हातातून पाना गळून पडलेला मी त्या दिवशीच पाहिला. ते हळूच मला म्हणाले, "मास्तर, जळलं असंल का हो? पोरीचं काय करू मी?" मी पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात कविता उठून बसली. "बाबा, याच्याबरोबर एक पुस्तक आलं होतं. ते कुठाय?" साडूंनी खालमानेने टेबलाच्या पायाकडे बोट दाखवलं. मी टेबल उचलून पुस्तक काढलं. तिने ते इंग्रजी पुस्तक बोट ठेवत ठेवत वाचलं, चित्रं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "पितळेचे छोटे खुंट होते का, पुडीत? सहा-सात?" साडू पाना पुसू लागले. "बाबा, पान पत्र्याला लागू द्यायचं नसतं. खालून तारा जोडलेले कथलाचे डाग सगळे उघडे असतात, ते पत्र्याला लागले की वीज तिथंच मुरते. म्हणून ते जरा सुरू झालं की बंद होतंय. खुंटांवर अधांतरी ठेवायचं असतं ते." अधांतरी हा शब्द ऐकून साडूंचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. मग ते पुटपुटले, "होती पुडी. पॅकिंगचं सामान समजून मी ते वापरून टाकले." कुठे, ते काही सांगेनात. नजर देवघराकडे गेली आणि पायाशी आली. दोन दिवसांपूर्वी, ताईंचा अबोला मोडावा म्हणून, त्यांनी देव्हाऱ्याच्या छोट्या खणांना ते चकचकीत खुंट मुठी म्हणून बसवले होते. ताईंना ते आवडले होते. रोज पूजा झाली की त्या त्यांनाही कुंकू लावत होत्या.

आता ते काढून मागायचे कोणाकडे, तर ज्यांनी अट घातली होती त्यांच्याकडेच. घड्याळात सव्वापाच झाले होते. ताई दारातच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तर भिवंडीचं ठरलं असतं, दिवाबत्तीला तासभरच उरला होता. त्यांनी खाटेवरच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि साडूंपुढे हात केला. "द्या तो पेचकस. देव्हाऱ्याला तुमी हात लावायचा नाय." आतून बराच वेळ खुडखुड ऐकू येत होती, कारण साडूंनी आवळलेलं सहजी निघत नाही. मग त्या ओंजळीत सहा खुंट घेऊन आल्या आणि ते लेकीच्या हातात ठेवत म्हणाल्या, "कुंकू पुसून घे गो आधी."

या खेपेला साडूंनी लेकीने सांगितलं तसं केलं. कविता खाटेवरून एकेक सांगत होती आणि ते "हां, हां" म्हणत बसवत होते. "बाबा, जास्त आवळू नका," असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. मागे भोकं आपोआप जुळली, खाली कानसलेली फट तेवढी उरली, जिच्यातून पुढे एक पाल आत राहायला गेली. बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला, आणि फिरतच राहिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर उमटली. "हे चालू म्हणायचं का?" ताईंनी विचारलं. "हो आई," कविता म्हणाली आणि रडायला लागली. साडू भिंतीला टेकून खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. ताईंनी दिवा लावला आणि भिवंडीला काय कळवायचं ते आपण होऊन सांगितलं, "पोरगी शिकतेय म्हणा. राग मानू नका म्हणा."

कविता पास झाली. पुढे आणखी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथेच स्वतः पसंत केलेल्या मुलाशी तिने लग्न केलं. आता वर्षातून दोनदा येते. तो कॉम्प्युटर तिच्या उपयोगाचा राहिला नाही, कोणाच्याच नाही. पण मागच्या पावसाळ्यात मी मुरबाडला गेलो तेव्हा रविवार होता, आणि साडूंनी सकाळी अंघोळ उरकून त्याच्यावरचा टॉवेल काढला आणि बटण दाबलं. मी म्हटलं, "दादा, आता काय काम याचं?" त्यांनी त्याच टॉवेलने पडदा पुसला. बराच वेळ घरघर झाल्यावर पडद्यावर इंग्रजीत कविताचं नाव आलं आणि खाली एक रिकामी चौकट. तिच्यात पासवर्ड घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो त्यांना ठाऊक नाही, आणि त्यांनी तो तिला कधी विचारलाही नाही. "हे तिचंच नाव ना, मास्तर?" त्यांनी बोट ठेवून विचारलं. मी हो म्हटलं. ताई आतून पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. दोघं थोडा वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग ताई म्हणाल्या, "बरी असंल ना हो?" साडू म्हणाले, "बरीच असंल," आणि त्यांनी बटण बंद केलं.