एक्स-रे साफ आला होता

घरातली पोरगी दुखतंय म्हणाली, तर तिचं खरं मानायला तुम्हाला डॉक्टरचा कागद लागतो का? मला लागला.

धाकटी बहीण पोलीस भरतीची तयारी करत होती. सिरसाळ्याच्या रस्त्यावर आम्ही चुन्याने आठशे मीटरच्या खुणा केल्या होत्या. पहाटे ती डांबरावर पळायची, मी शिट्टी मारून मोबाईलवर वेळ लावायचो. मैदानी चाचणी दोन महिन्यांवर आली तेव्हा मी तिच्या फेऱ्या एकदम दुप्पट केल्या. चळवळीची पत्रकं वाटत मोठा झालेला मी. थांबणं म्हणजे शरण जाणं, एवढंच डोक्यात पक्कं.

एके सकाळी ती मध्येच कमरेखाली हात धरून उभी राहिली.

"दादा, हितं लई आत दुखतंय. पाय टेकला की कळ येतीय."

"भरती आली की सगळ्यांचंच दुखतं."

"मग तू पळून बघ की. नुसती शिट्टी मारतोस."

एक्स-रे काढला. साफ आला. तो उन्हात धरून मी तिला म्हणालो, "हाडाला काही झालं न्हाई. आता बहाणे बंद."

ती पुढे बारा दिवस पळाली. तेराव्या दिवशी तिला मोरीतून उठता येईना.

अंबाजोगाईत हाडाच्या डॉक्टरबाईंनी आधी तिला बोलू दिलं. माकडहाडाच्या वर बोटाने दाबून पाहिलं, एका पायावर उभं केलं. मग विचारलं, "पाळी वेळेवर येते?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जायला हवं, हेही बाईंनी सांगितल्यावर सुचलं. नंतर कळलं, पाच महिने पाळी नव्हती. अंग हलकं ठेव असं मी म्हणालो होतो, म्हणून ती एका भाकरीवर राहत होती. पाळीबद्दल गप्प बसू नका, हे पत्रक मीच लिहिलेलं. गावात वाटलं होतं तिने.

एमआरआयमध्ये कण्याच्या तळाच्या हाडाला, त्रिकास्थीला, बारीक चीर दिसली.

"अशी चीर एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन नको. पळणं बंद. काही आठवडे कुबड्या, पोटभर जेवण, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखणं पूर्ण गेलं की आधी चालणं, मग हळूहळू पळणं."

"आणि मैदानी?"

"ही मैदानी विसरा."

परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "आता फोटोत आलंय. आता तरी खरं वाटतंय ना, दादा?" मी माफी मागितली नाही.

चाचणीच्या दिवशी ती घरात कुबड्यांवर होती. तिच्या बरोबरीच्या पोरी जीपमध्ये बसून गेल्या, जाताना तिला हाक मारून गेल्या.

तुमच्या गावातही पोरींना पळवणारा कुणी दादा, कुणी सर असेल. त्याला आजच गाठा. कमरेखाली आत दुखतंय असं जी म्हणेल, तिला त्याच दिवशी थांबवायला सांगा आणि एक्स-रे साफ आला तरी पुन्हा हाडाच्या डॉक्टरकडे न्यायला सांगा.