साठ आडव्या, चाळीस उभ्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण सदाशिव पेठेतल्या किती स्वयंपाकघरांत मी बसवलेली फरशी आहे, आणि ती अजून वाजत नाही, हलत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार?

पुण्यात संगणकाच्या कंपन्या भराभर येत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी विश्रांतवाडीला राहायचो. तिथून जवळच एका कंपनीची नवी इमारत उभी राहिली होती. आत शिरल्या शिरल्या जी मोठी भिंत दिसते, तिच्यावर त्यांना रंगीत टाइल्सचा सिंहगड हवा होता. वर आभाळ, मध्ये गड, खाली काळी जमीन. आडव्या साठ टाइल्स, उभ्या चाळीस. एका ठेकेदारामार्फत काम माझ्याकडे आलं.

नकाशा म्हणून मला चित्र मिळालं नाही, आकडे मिळाले. मोठमोठे कागद, त्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीत एक आकडा. एक म्हणजे फिकट निळी टाइल, आठ म्हणजे जवळजवळ काळी. कंपनीतल्या एका तरुण इंजिनिअर मुलीने फोटोवरून हे आकडे काढले होते. ठेकेदार म्हणाला, मिस्त्री, डोकं चालवू नका, आकडा बघा आणि टाइल लावा. सोमवारी उद्घाटन होतं आणि गुरुवार उजाडला होता.

आता माझी एक पद्धत आहे. भिंतीवर चढवण्याआधी मी टाइल जमिनीवर कोरडी मांडून बघतो. सिमेंट नाही, पाणी नाही, नुसती मांडायची आणि लांब उभं राहून बघायचं. ठेकेदाराला हा वेळेचा खेळखंडोबा वाटायचा. वाटू दे. मी वरची ओळ मांडायला घेतली. निळ्या टाइल्स आल्या, मग डोंगराच्या तपकिरी, मग काळ्या, आणि त्याच ओळीत पुन्हा निळ्या. मी चार ओळी मांडल्या. एका ओळीत आभाळ डावीकडे, खालच्या ओळीत मधोमध, तिसरीत पुन्हा डावीकडे. सिंहगडावर मी पायी गेलेलो आहे. असं आभाळ तिथे नाही.

मी थापी खाली ठेवली आणि सांगितलं, हे मी लावणार नाही.

ठेकेदाराने त्या मुलीला बोलावलं. तिने कागद तपासला. म्हणाली, काका, पहिला आकडा बरोबर आहे, शेवटचा बरोबर आहे, एकूण चोवीसशे, तेही बरोबर. एकही हरवलेला नाही. ठेकेदाराला तेवढं पुरलं. तो म्हणाला, ऐकलंत? चौथी शिकलेल्या माणसाने कॉम्प्युटरला शिकवू नये. लावायचं नसेल तर सांगा, दुपारपर्यंत दुसरा मिस्त्री आणतो.

आणला असता त्याने. हातातलं काम जाणारच होतं. पण लावली असती तर भिंत कायमची चुकली असती, आणि लोकांनी कागदाला नाही, मला नाव ठेवलं असतं. मी म्हटलं, आणा. तो येईपर्यंत मी इथे बसतो.

बसल्या बसल्या मी मोजत राहिलो. आभाळ सुरू होतं तिथपासून पुन्हा सुरू होतं तिथपर्यंत किती टाइल्स? चाळीस. ओळ संपली की खालच्या ओळीत पुढे मोजलं. पुन्हा चाळीसच. ओळ साठची आणि चित्र दर चाळिसाला नव्याने सुरू होतंय. चाळीस तर उंची होती.

मी सगळ्या टाइल्स उचलल्या. त्याच कागदावरचे आकडे, त्याच क्रमाने, पण आडवे न मांडता वरून खाली मांडले. चाळीस झाले की शेजारी दुसरी उभी रांग. ती मुलगी न सांगता खाली बसली आणि मला आकडे वाचून द्यायला लागली. बारा रांगा झाल्या. वर सगळं आभाळ, खाली सगळी जमीन, आणि मध्ये गडाचा उतार चढायला लागला.

मग तिने सांगितलं ते मला कळलं एवढं: फोटोचे आकडे केले एका प्रोग्रॅममध्ये आणि कागद छापला दुसऱ्यातून. पहिला उभ्या रांगेने लिहितो, दुसरा आडव्या ओळीने वाचतो. चोवीसशे आकडे पोचले सगळे, बसले भलत्याच जागी. पहिला आणि शेवटचा तेवढे आपापल्या जागेवर.

दुपारी तिने नवे कागद आणले. दुसऱ्या मिस्त्रीचं नाव न काढता ठेकेदार म्हणाला, आता तरी चढवा. मी म्हटलं, आता तरी मांडू द्या. पूर्ण साठ रांगा मांडल्या, तेव्हा कुठे भिंतीला हात लावला.

सोमवारी सकाळी कंपनीचे मोठे साहेब आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. ठेकेदार पुढे सरकून स्वतःच्या देखरेखीबद्दल सांगू लागला. त्या मुलीने त्याला मध्येच थांबवलं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं तिला, आणि सगळा स्टाफ ऐकत होता.

"सर, माझे आकडे चुकले होते. या मिस्त्रीकाकांनी पकडले. नाहीतर ही भिंत आज पाडावी लागली असती."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग गडाच्या बुरुजाकडे हात नेला.

"साहेब, हात नका लावू," मी म्हटलं. "सांधे ओले आहेत अजून."

त्यांनी हात मागे घेतला.