मिठाच्या बाटलीतला कारखाना

जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये कोणी नवीन आलं, की आमच्यातला एक अमेरिकन इंजिनिअर आपली काउंटी, म्हणजे जिल्हा, टेबलावर मांडून दाखवायचा. सुरी म्हणजे नदी, उकडलेला बटाटा म्हणजे कोर्ट, मिठाची बाटली म्हणजे पोलादाचा कारखाना. “जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, शेरीफच काय, संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारीसुद्धा आम्ही मतं देऊन निवडतो!”

मी भोसरीचा, कारखाने चिक्कार पाहिलेत, पण जिल्ह्यावर असा जीव टाकणारा माणूस पाहिला नव्हता.

मग त्याच्या जिल्ह्यातला तो पोलादाचा कारखाना बंद पडला. दुसऱ्या दिवशी कोणी नवीन नसतानाही त्याने सगळं मांडलं.

“आल्झो,” म्हणजे ‘बरं का’, “मीठ दे ना जरा,” समोरची जर्मन बाई म्हणाली.

तो उठला, शेजारच्या टेबलावरची बाटली आणून तिला दिली. आपला कारखाना त्याने जागचा हलवला नाही.