दिवसा झोपणारं पोर

ठमी जन्मापासून संशयी नव्हती. दोन पोरं गेल्यावर तो स्वभाव तिच्याकडे आला, आणि आला तो मुक्कामालाच. कर्जत स्टेशनापलीकडच्या भातगिरणीत ती कामाला होती. उकडलेलं भात खळ्यावर पसरायचं आणि उन्हात पायांनी फिरवत राहायचं, हे तिचं काम. पहिली दोन्ही पोरं खळ्याच्या कडेला झोळीत वाढली. वाढली आपलं म्हणायचं. सगळ्याच बायका करत तशी ती मोहरीएवढी अफू दुधात कालवून त्यांना चाटवी आणि पोरं दिवसभर निपचित पडून राहत. पहिलं दीड वर्षाचं होऊन गेलं, दुसरं सातव्या महिन्यात एका दुपारी उठलंच नाही. लोक दृष्ट लागली म्हणाले. ठमीला काय कळायचं ते कळलं होतं. तिसरा नवसाने झाला, म्हणून नवशा. याच्या तोंडाला अफू लावायची नाही, असं तिने सासूला, सोनुबाईला, देवापुढे बसवून कबूल करायला लावलं.

त्याच साली, एकोणीसशे चव्वेचाळीसात, सरकारी साहेबाच्या हुकमाने गिरणीत पाळणाघर निघालं. पत्र्याची खोली, अकरा पाळणे आणि पोरं सांभाळायला पळसदरीची भागूबाई. भिंतीवर नियमांचा कागद लागला. त्यातला एक मॅनेजरने मोठ्याने वाचून दाखवला: ज्या पोराला घरून अफू येते असं सापडेल, त्याचं नाव कायमचं काढलं जाईल. बायकांनी माना डोलवल्या, ठमीने नाही. फुकटात कोणी कुणाचं पोर सांभाळतं का, हा तिचा सवाल होता. पण सासूला मोतीबिंदू, घरी पोर कुणाच्या भरवशावर ठेवणार? तिने नवशाला आत दिलं खरं, पण जीव दारातच ठेवून.

आठ दिवसांत तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुपारच्या सुट्टीत पाजायला जावं तर नवशा गाढ झोपलेला. उठवला तरी दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटी. अफूशिवाय पोर दिवसा असं झोपतं, हे तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला, पापणी उचलून बघितली. काही कळेना, म्हणून संशय आणखी वाढला.

"भागूबाय, याला काय देता तुमी?" तिने विचारलं.

भागूबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काय द्यायचं आन् काय नाय ते मी बघते. तू कुठं बोलू नको. जा कामाला."

बोलू नको म्हणते म्हणजे पाणी मुरतंय, याबद्दल ठमीची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर आत देऊन ती खळ्यावर गेलीच नाही. खोलीच्या मागे जाऊन पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. भागूबाईने नवशाला मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं काढलं, मग कमरेची पितळी डबी उघडली. तिच्या चिमटीत काहीतरी काळं होतं.

ठमीने आरडून सगळं खळं गोळा केलं. हिरामण मुकादम आला, मॅनेजर आला. डबी उघडली तर आत अफूच्या गोळ्या. भागूबाईने एकदा ठमीकडे टक लावून पाहिलं आणि खाली मान घातली. चोर सापडला की असाच गप्प बसतो, असं ठमी शेजारणीला म्हणाली. दुपारच्या आत भागूबाईला काढलं, खोलीला कुलूप लागलं आणि खळ्याच्या कडेला पुन्हा झोळ्या टांगल्या गेल्या.

घरी येऊन ठमीने सासूला हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सोनुबाईने नवशाच्या टोपड्याची गाठ चाचपडली. मग म्हणाली, "मंग आता गोळी कुणाजवळ देऊ?"

"कसली गोळी?"

"टोपड्याच्या गाठीत बांधते ती. आमच्या येळेला खळ्यावर पोरं राखणारी म्हातारी गाठ सोडून घ्यायची, तिला सांगावं लागत नसं. रडकं पोर ती बाय ठेवणार नाय, तुझं काम जाईल, म्हणून बांधायची गं. त्याच्या तोंडाला तर मी नाय लावली."

ठमीला आता उमगलं. भागूबाई डबीतून काढत नव्हती, डबीत टाकत होती. रविवारी ठमी नवशाला घेऊन पळसदरीला गेली.

"मला वाटलं तूच पाठवतेस," भागूबाई म्हणाली. "आनिक चार पोरांच्या टोपड्यांत पन असायच्या. फेकायच्या कुठं? बाहेर पोरं रांगतात."

"मंग मॅनेजरसायबाला का नाय सांगितलं?"

"तर तुमच्या पोरांची नावं गेली असती. तुझी दोन गेलेली मला ठाव हाय."

"पन हा झोपायचा कसा?"

"न्हाऊ घालायची, पेज पाजायची. पोट भरलं की पोर झोपतं गं."

ठमीला ते लागलं. परतीच्या वाटेवर ती रडली, आणि रडताना चीड होती ती स्वतःचीच. सोमवारी ती मॅनेजरपुढे उभी राहिली आणि डबीतल्या गोळ्या आपल्या घरच्या, भागूबाई त्या टोपड्यातून काढून घ्यायची, असं सांगितलं. बाकी कुणाचं नाव तिने घेतलं नाही. मॅनेजरने भागूबाईला परत बोलावलं, कुलूप काढलं आणि नियमाप्रमाणे नवशाचं नाव खोडलं. भागूबाईने हातापाया पडून पाहिलं, तो ऐकेना.

तेव्हापासून नवशा आईच्या पाठीला बांधलेला असे. घरी सासूजवळ ती त्याला घटकाभरही ठेवीना. ऊन लागे, भाताचं कुसळ टोचे, पोर ओरडून लाल होई. "ठमे, दे की गं एवढीशी, किती रडवतेस," बायका म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण त्याचं रडणं थांबलं की तिचे पाय जागीच थबकत. ती हात मागे नेई आणि त्याच्या मांडीला चिमटा काढी. तो पुन्हा रडू लागला की मगच पुढचं भात फिरवी.