वर येईपर्यंत

बाबा गेले तेव्हा मी समुद्रात दोन हजार मीटर खाली होते आणि आणखी तीन हजार मीटर खाली जायचं होतं.

मी एक छोटी पाणबुडी चालवते. म्हणजे जाड धातूचा एक गोळा, त्यात तीन माणसं गुडघे जवळ घेऊन बसतात. संशोधकांना तळाशी न्यायचं, त्यांना हवे ते दगड, चिखल, जीव यांत्रिक हातानं उचलून द्यायचे आणि सगळ्यांना परत वर आणायचं, एवढं माझं काम. जायला पावणेतीन तास, यायला जवळजवळ तेवढेच.

बाबा कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीत होते, नदीची खोली मोजण्याच्या खात्यात. मी चार वर्षांची असताना आम्ही साताऱ्याहून कोलकात्याला आलो. बाबांची बदली तात्पुरती होती. पण निवृत्त झाल्यावरही आई-बाबा सॉल्ट लेकमधला फ्लॅट सोडून कुठे गेले नाहीत. हुगळीत गाळ सतत जागा बदलतो. जहाज आत येईल की टेकेल, हे कधीकधी वीतभर पाण्यावर ठरतं. ते वीतभर पाणी शोधण्यात बाबांची नोकरी संपली. या कामासाठी माझी निवड झाली. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “त्या यंत्राची माहिती असेल ती मला दे.” मग पेन्सिल घेऊन सगळं वाचलं आणि शंका काढल्या. त्यातल्या दोन शंकांची उत्तरं मलाही येत नव्हती.

आईनं मात्र कधीच काही विचारलं नाही. प्रत्येक मोहिमेआधी ऑफिसचा नंबर तेवढा फ्रिजवरच्या कागदावर लिहून घ्यायची.

त्या दिवशी आम्ही आठ वाजता पाण्यात उतरलो. माझ्यासोबत एक सहपायलट होता आणि चिखलातल्या जिवांचा अभ्यास करणारी एक संशोधक. तिची ही पहिलीच वेळ. दोनशे मीटरनंतर खिडकीतला निळा रंग गेला आणि काळोख झाला. आत थंडी वाढत गेली, भिंतींवर पाणी साचायला लागलं. आम्ही लोकरीचे मोजे चढवले. ती घाबरली होती, म्हणून मी तिला शाळेतले किस्से सांगत होते. बंगाली बाईंनी मला वर्गात उभं करून मराठी गाणं म्हणायला लावलं आणि मला एकही पूर्ण येईना, तो किस्सा सांगताना आम्ही तिघं खूप हसलो. नंतर मी नोंदवही काढून बघितली. नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: दोन हजार शंभर मीटर, सर्व ठीक.

त्याच सुमारास बाबा सकाळचं फिरून घरी आले होते. खुर्चीत बसले, आईला म्हणाले, “जरा पाणी दे गं.” आई पाणी घेऊन आली तेव्हा त्यांची मान कलली होती. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तळावर आम्ही पावणेचार तास काम केलं. तिथला चिखल पिठासारखा मऊ असतो, जरा जोरात टेकलं की ढग उठतो आणि अर्धा तास काही दिसत नाही. मी पाणबुडी अलगद टेकवली. संशोधकाला हवे ते सगळे नमुने मिळाले. तिनं माझा खांदा दाबला.

अडीच वाजता पाणबुडीला खाली ठेवणारी लोखंडी वजनं सोडून दिली आणि आम्ही वर निघालो. जहाजाशी आमचं बोलणं पाण्यातून जाणाऱ्या आवाजावर चालतं. इथून विचारलेल्याचं उत्तर यायला सात-आठ सेकंद लागतात. एरवी फोनवर एक तरुण इंजिनियर असायची. त्या दिवशी परतीचा सगळा वेळ मोहीमप्रमुख स्वतः बोलत होते. नौदलातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. ऑक्सिजन किती आहे ते त्यांनी दोनदा विचारलं. मी सहपायलटला म्हटलं, “आज सरांना आपल्यावर फारच प्रेम आलंय.”

पाच वाजता वर आलो. झाकण उघडलं. मी डेकवर उतरले तेव्हा नेहमीसारख्या टाळ्या वाजल्या नाहीत. सर मला बाजूच्या खोलीत घेऊन गेले, बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले.

“तुझे वडील आज सकाळी गेले.”

मी विचारलं, “किती वाजता?”

“नऊच्या सुमारास.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“दहाच्या आधी.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? निदान वर तरी बोलवायचं!”

“वर बोलावलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. आणि मला खोटं बोलता येत नाही.”

“हे तुम्ही कोण ठरवणार?”

“निर्णय माझा होता,” ते म्हणाले. त्यांनी जहाजावरचा फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले.

पलीकडून आईचा आवाज आला. रडून बसलेला नव्हता, नेहमीसारखाच होता.

“वर आलीस ना?”

“हो.”

“सगळे नीट आलात?”

“हो. आई...”

“बरं. मग आता आम्ही निघतो.”

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. कुठे निघतो, हे कळायलासुद्धा थोडा वेळ लागला.

बंदराला पोहोचायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी सरांशी एक शब्द बोलले नाही. जेवायला ते आत आले की मी उठून जायचे. बाबा नाहीत हे मनात नीट शिरतच नव्हतं. सगळी जागा रागानं घेतली होती. मी तळावर चिखल गोळा करत होते आणि वर वीस माणसांना माझ्या घरचं ठाऊक होतं, हेच डोक्यात फिरत राहिलं.

घरी पोहोचले तेव्हा दुपार होती. शेजारच्या बंगाली काकूंनी दार उघडलं, मला जवळ घेतलं आणि आम्हाला दोघींना सोडून गेल्या. आईनं आधी मला जेवायला वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि सरांबद्दल बोलायला लागले, जे तोंडाला येईल ते.

आई म्हणाली, “त्यांना काही बोलू नकोस. मीच सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतंस?”

“ऑफिसला फोन केला. त्यांनी जहाजाला जोडून दिला. मी त्यांना म्हटलं, ती वर येईपर्यंत तिला कळू देऊ नका.”

मी ताट बाजूला सारलं.

“तुझ्याबरोबर आणखी दोघं होती ना आत,” ती म्हणाली. “त्यांच्याही घरी कुणीतरी असेलच. आणि तिथे तुला रडायला तरी जागा होती का?”

मग हळूहळू त्या दिवसाचं सगळं कळलं. सोसायटीतले लोक अकरालाच जमले होते, शववाहिनी सांगितली होती. आईनं उचलू दिलं नाही. “मुलगी समुद्रात आहे, ती वर येऊ दे, मग न्या,” एवढंच ती हिंदीत परत परत म्हणत राहिली. कुणीतरी मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणल्या. पाच वाजेपर्यंत ती फोन मांडीवर घेऊन बाबांशेजारी बसून होती. माझा आवाज ऐकला आणि मग निमतल्याच्या स्मशानघाटावर गेली. अग्नी तिनंच दिला.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडले.

दोन दिवसांनी सरांना फोन केला. “आईनं सांगितलं मला. तुम्ही तिचं नाव का नाही घेतलंत?”

“तुझ्या आईवर तू त्या दिवशी रागवावंस, असं मला वाटत नव्हतं,” ते म्हणाले. “आणि त्यांचा फोन आला नसता तरी मी तेच केलं असतं. तेव्हा राग अगदीच चुकीच्या माणसावर नव्हता.”

पाच महिन्यांनी मी पुन्हा उतरले. आईला माझ्याकडे, माझ्या नोकरीच्या गावी दक्षिणेत, राहायला येण्याबद्दल खूप विनवलं होतं. ती नाही म्हणाली. कोलकात्याच्या बाजारात तिला सगळे ओळखतात. उतरायच्या दिवशी सकाळी आत जाण्याआधी मी सरांना बाजूला घेतलं.

“सर, आईचं काही झालं तर मला खाली सांगा. मी सगळ्यांना नीट वर आणीन, पण सांगा.”

त्यांनी हातातल्या यादीवर एक खूण केली.

“बघू,” ते म्हणाले.

ते सांगणार नाहीत, हे मला कळलं. मी शिडीवरून आत उतरले आणि झाकण लावून घेतलं.