रत्नाच्या कपाळावरचं कुंकू

ही गोष्ट मी घरात शंभरदा सांगितली आहे. खरी एकदाही सांगितली नाही.

म्हणजे — मी बुद्धविहारात जायचे, त्याची गोष्ट. ‘आमची आजी त्या काळात सासूच्या नाकावर टिच्चून विहारात जायची’ हे आमच्या घरातलं ठेवणीतलं वाक्य. पाहुणे आले की बाहेर काढायचं, जरा चकाकवायचं, परत ठेवून द्यायचं. चकाकवणारी मीच. त्यातली रत्ना इंगळे नावाची बाई मात्र दर खेपेला थोडी पुसली गेली. आता ती इतकी फिकी झाली आहे की नातवंडांना वाटतं — असेल कोणी फुलं नेणारी.

मग आजच का सांगते? नातीमुळे. आमची मनू अकोल्याच्या कॉलेजात शिकते. तिच्या मैत्रिणीच्या घरी रमजान असतो. मनूला यंदा तिच्या घरी जाऊन तिच्यासोबत रोजे धरायचे आहेत. “गंमत म्हणून नाही आजी, खरंच. आतून कसं वाटतं ते पाहायचंय.” तिच्या बापानं ताट बाजूला सारलं. “आपला धर्म झाला का तुझा पाहून? आधी तो तर पाह्य!” सून म्हणाली, आजींना विचारा, त्या तर विहारात जात होत्या. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी? मी नेहमीची गोष्ट काढली — चकचकीत. मनूचे डोळे भरून आले. मग तिनं विचारलं, “त्या रत्नाआजी आता कुठं असतात? मला भेटायचंय त्यांना.”

मी म्हटलं, कोण जाणे कुठं असेल. हेही खोटंच. ती अकोल्यातच आहे. मागच्या थंडीत तिथल्या भाजीबाजारात दिसली होती. मी हरभऱ्याच्या ढिगात तोंड घालून उभी राहिले — हरभरा घ्यायचा नसताना.

तर ऐका. पण आधी त्या वेळची मी तुम्हाला दाखवते, म्हणजे तुम्ही तिची फार कीव करणार नाही. नाकात चमकी, वेणीत रोज ताजा गजरा — फुलवाल्याची सून, फुकटचा माल — आणि आपण फार हुशार आहोत असा ठाम समज. अमरावतीत अंबादेवीच्या वाटेवर आमचं फुलांचं दुकान. मळा घरचा. सासूबाई मागे ओल्या गोणपाटावर बसून हार ओवायच्या, मी पुढे गिऱ्हाईक पाहायची. आमची फुलं सगळीकडे जायची. देवीला, दर्ग्याला, लग्नाला, तिरडीला. फुलाला कुठं जायचं ते विचारायची पद्धत नाही, म्हणून कोणाचं काही बिघडत नव्हतं.

रत्ना शाळेत मास्तरीण. पावसाळ्यात दर शनिवारी विहारासाठी पांढरी शेवंती नाही तर निशिगंध न्यायची. एकदा मी आगाऊपणानं विचारलं, “तुमी तं देव मानत नाई म्हणता, मग फुलं कोनाले वाहता वो?” ती रागावली नाही. म्हणाली, “येऊन पाह्य ना. टोपलीमागं बसून काय समजते?”

गेले. सासूबाईंना सांगितलं — माल पोचवून येते. हे टिच्चून! टोपली घेऊन गेले, आणि कोणी पाहिलंच तर दिसावी म्हणून ती शेवटपर्यंत मांडीजवळ ठेवली.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या ग्रंथवाचनाचे दिवस. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, सगळ्या बायका एका सुरात वंदना म्हणायच्या, मग एकजण ग्रंथ वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. त्या वर्षी वाचायचा मान रत्नाला दिला होता. इतकी तरुण सून तिथं आधी कोणी बसवली नव्हती. वच्छलामावशी म्हणून एक म्हातारी होती, विहाराचं सगळं तिच्या शब्दावर चालायचं — तिनं हट्टानं रत्नाला बसवलं होतं. रत्ना वाचायला लागली की पोरं घेऊन आलेल्या बायकासुद्धा पोरांना गप्प करायच्या.

मला आवडायचं तिथं. हे खरं आहे, की हेही मी नंतर चकाकवलं? आता खात्री देता येत नाही. डोळे मिटून बसलं की पाच-दहा श्वास खरंच शांत वाटायचं. मग निशिगंध सुकेल की काय ते आठवायचं. आणि वाकून नमस्कार करताना मी मनात अंबादेवीला सांगायची — रागावू नको माय, नुसतं पाहून येते. इकडे डोकं टेकवायचं आणि तिकडे परवानगीचा अर्ज! रत्नानं एकदा माझे ओठ हलताना पाहिले. बाहेर आल्यावर हसून म्हणाली, “तू इथं आली, पन चप्पल तिकडंच काढून आली.”

पुढे भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा मोठ्या थाटाच्या. पितळेचे मुखवटे, भरजरी साड्या, वर टांगलेला फुलोरा, आंबील, पुरण, सोळा भाज्या. सोवळं कडक. रत्ना म्हणाली, “मले तुमच्या महालक्ष्म्या पाह्याच्या आहेत.”

मी चकित. मला वाटलं — आली वाटतं वळणावर! केवढी मूर्ख मी. मग तिनं सांगितलं. तिची आजी या दिवशी गावातल्या मोठ्या घरांच्या दाराबाहेर, मागच्या अंगाला उभी राहायची. उरलंसुरलं वरून पदरात पडायचं. आरती ऐकू यायची, मुखवटे कधी दिसले नाहीत. “आमी ते सोडलं. चांगलं केलं. पन काय सोडलं ते मी कधी पाह्यलंच नाई. न पाहता सोडलं म्हनू कसं?”

तिच्या घरचे येऊ देणार नव्हते. वच्छलामावशी तर म्हणाली होती, त्या उंबऱ्यात पाय कायले ठेवतं? तरी ती येणार म्हणाली. अटी दोनच. मी कोण ते तुझ्या सासूला आधी सांगशील. आणि मला देवीपुढचं कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही. टिकली ती रोजच लावायची, प्रश्न टिकलीचा नव्हता. पाहीन, बसीन, तुझ्यासोबत जेवीन — पूजेत नाही.

मी दोन्ही कबूल केलं. एका शब्दात. गजऱ्याचा भाव सांगावा तसं.

आणि सासूबाईंना काय सांगितलं? त्यांनी विचारलं, “कोनाची वो ते?” मी म्हटलं, “इंगळ्याची.” इंगळे आमच्यातही आहेत, त्यांच्यातही. “आपल्यातली?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हाव.”

जेवणाच्या दिवशी रत्ना आली. फिकी निळी साडी, हातात काही नाही. मुखवट्यांसमोर उभी राहिली आणि पाहत राहिली. हात जोडले नाहीत. पाहतानाचा तिचा चेहरा मी अजून विसरले नाही, पण त्यात काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही आणि आता वाचायला घेतलं तर मी माझ्याच सोयीचं वाचीन. म्हणून ते सोडते.

तेवढ्यात निरोप आला. ठरलेल्या सवाष्णींपैकी एक येत नाही, घरात सुतक लागलं. पानं मांडलेली. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर रत्नावर थांबली. “हे पोरगी आहे ना! बस वो माय पाटावर.”

सवाष्ण म्हणजे नुसती पाहुणी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी तीच देवी. तिचे पाय धुवायचे, मळवट भरायचा, ओटी भरायची, मग तिनं जेवायचं. रत्ना माझ्याकडे वळली. अगदी हळू म्हणाली, “कमल, नको.”

आता खरं सांगू? — मला आतून गुदगुल्या झाल्या. माझी सोवळ्याची सासू, आणि ती हिचे पाय धुणार! मला वाटलं, केवढी मजा, केवढा मोठा धर्माचा कारभार मी एकटीनं उलटा करून दाखवते आहे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबलाच, आणि म्हटलं, “बस न वो. काय होते?”

ती बसली. भरल्या घरात, साऱ्या बायकांपुढे, काय करणार होती? सासूबाईंनी तिचे पाय परातीत घेऊन धुतले, पदरानं पुसले. कपाळभर कुंकू भरलं. ओटीत नारळ, खण, तांदूळ. रत्ना ताठ बसून होती. पुरणाचा घास तिनं तोंडात घेतला तो तसाच गालात धरून होती, मला दिसत होतं. मी तिला वाढत होते. हसत होते.

घरी जाताना तिनं कुंकू पुसलं असेल. पण भिजवून लावलेलं कुंकू पुसलं तरी रंग राहतो. ओटी हातातच होती, अन्न-नारळ रस्त्यात टाकणारी ती नव्हती. कोपऱ्यावर विहारातल्या दोघी भेटल्या. पुढचं तुम्ही समजला असाल.

दुसऱ्या दिवशी वच्छलामावशी दुकानात आली. फुलं घेतली नाहीत. सासूबाई मागे हार ओवत होत्या, कान इकडे. मावशी माझ्यावर वाकून, दबल्या आवाजात म्हणाली, “बाई, खरं सांगजो. कालचं ते कुंकू पोरीनं आपल्या मनानं लावून घेतलं, का तुमी लावलं? तिले विचारलं. म्हन्ते, कमलले विचारा. ते खोटं बोलनार नाई.”

गोणपाटावरची सुई थांबली.

एवढंच म्हणायचं होतं — आम्ही लावलं. ती नको म्हणाली होती. पण मग नको का म्हणाली, कोण आहे ती, कोणाचे पाय मी कोणाकडून धुवून घेतले — सगळं त्या गोणपाटापर्यंत गेलं असतं. मी शेवंतीवर पाणी शिंपडत राहिले. आणि म्हटलं, “तिनंच मागितलं.”

मावशी सरळ झाली. मग गेली. त्या शनिवारी ग्रंथ दुसऱ्या कोणी वाचला, असं कळलं. पुढच्याही. रत्नाला कोणी ओरडलं नाही, हाकललं नाही. ती मागच्या रांगेत बसायची म्हणे. मी काही पाहायला गेले नाही. मी परत विहारात पाऊलच टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं. वर्षावास संपायला अजून दिवस होते. सासूबाई पुढे खूप जगल्या, बरं. पण त्या गेल्यावर कोण अडवत होतं? तोवर माझी गोष्ट तयार झाली होती, आणि तिला टाळ्या पडायला लागल्या होत्या.

रत्ना एकदाच आली, अकोल्याला बदली झाली तेव्हा. निशिगंध घेतला, नेहमीसारखा. मावशीचं नाव काढलं नाही. जाता जाता विचारलं, “एक सांग कमल. तू विहारात काहून येत होती?”

मी तिचे सुटे पैसे मोजून दिले. तो प्रश्न आजही माझ्याजवळच आहे. मला खरंच काही पाहायचं होतं? की सासूच्या डोळ्याआड एक जागा हवी होती? की जत्रेत पाळण्यात बसतात तशी गेले — वर जाऊन यायचं आणि उतरायचं? देवीवरचा माझा भाव त्यानं कमी झाला नाही, वाढलाही नाही. मग मी नेमकी कुठं गेले होते? खरं शोधायला ती आली होती, तिचं आसन गेलं. मी फुकटात जाऊन आले आणि जन्मभर शहाणी ठरले. यावरून मनूला काय सांगू? जा म्हणू? दुसऱ्याच्या धर्मात आपण शिरतो तेव्हा आपलं काय जातं, एवढंच सगळे मोजतात. तिथं आपल्यासाठी दार उघडून जो उभा राहतो, त्याचं काय जातं — ते मनूचा बाप विचारत नाही, मनूही विचारत नाही. पण म्हणून जाऊच नको म्हणू? तर मग रत्ना त्या मुखवट्यांसमोर उभी होती ती चूक होती का? नव्हती. तेवढं तरी नव्हती. बाकी सगळा गुंता आहे, आणि वय झालं की गुंते आपोआप सुटतात असं ज्यानं कोणी सांगितलं तो फार तरुणपणी मेला असला पाहिजे.

मनूनं काल पुन्हा विचारलं, “आजी, सांग ना, जाऊ का?” मी तिला म्हटलं, बस. आणि हे सगळं याच क्रमानं सांगितलं. गजऱ्यापासून सुईपर्यंत. तिनं माझ्या मांडीवरचा हात हळूच काढून घेतला. रागानं नाही बहुतेक. मला कळलं नाही.

रत्ना इंगळेनं कुंकू मागितलं नव्हतं. तिनं नको म्हटलं होतं. मी ऐकलं होतं.